लांब पल्ल्याची धाव आणि मध्येच पडणारा खंड

गेली काही वर्षे आपल्या भागात पहाटे पळणारी माणसे दिसू लागली आहेत. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत आणि कॅम्पातल्या रस्त्यांवर, खेड्यापाड्यांत गावाबाहेरच्या शेतवाटांवर. त्यांत बहुतेक लष्करभरतीची तयारी करणारे तरुण असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्यामुळे ही ओढ आपल्याकडे जुनीच आहे. पण आता त्यांच्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या बाई दिसतात, चाळिशी उलटलेले शेतकरी दिसतात, मुंबईला असलेल्या भावाचे ऐकून ‘यंदा मॅरेथॉन पळायचीच’ असे ठरवलेली मंडळीही दिसतात. म्हणून एरवी खते, कीड आणि मुलांचा खोकला यांना दिलेली ही जागा या वेळी आम्ही धावण्याला देत आहोत. धावायला सुरुवात कशी करावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मध्येच पाय दुखावला, ताप आला, शेताची निकड लागली आणि धावणे बंद पडले, तर पुढे काय करावे हे सांगणारे थोडे. आमचा भर त्यावर राहील.

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर. निपाणीहून निघून कोल्हापुरात पोचावे, जवळजवळ तेवढे अंतर. हे मोजमाप १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधले आणि कायमचे ठरले १९२१ साली. त्याच्या एकच वर्ष आधी आपल्या बेळगावचा एक माणूस ऑलिंपिकची मॅरेथॉन धावून आला होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

त्यांचे नाव फडेप्पा दारेप्पा चौगुले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत त्या काळी लांबची धाव असे. खेड्यांतले शेतकरी ती अनवाणी धावत. त्यांची धाव पाहून सर दोराबजी टाटांच्या मनात हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला पाठवण्याचा विचार आला आणि १९२० साली मोजक्या खेळाडूंचा एक लहानसा संघ बेल्जियममधल्या अँटवर्पला गेला. त्या वर्षीचा मार्ग आजच्या अंतराहूनही लांब, ४२.७५ किलोमीटरचा होता. चौगुल्यांनी तो २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरा केला आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. हिशेब केला तर दर किलोमीटरला चार मिनिटे पडतात. आजही आपल्या तालुक्यातल्या तयारीच्या मुलाने या वेगाने पाच किलोमीटर पळून पाहावे, म्हणजे त्या एकोणिसाव्या क्रमांकाची किंमत कळेल.

त्याच शर्यतीत आपले दुसरे एक धावपटू होते, सदाशिव दातार. त्यांना शर्यत पुरी करता आली नाही. दोघेही निवडलेले, दोघेही साता समुद्रापलीकडे गेलेले, रस्ता एकच. एकाला पोचता आले, दुसऱ्याला नाही. लांब पल्ल्याच्या धावण्यात हे असेच असते. जगातले उत्तम धावपटूही कधी ना कधी मध्येच थांबलेले आहेत, आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

आता मुद्द्याला येऊ. ‘आम्ही शेतकरी माणसे, दिवसभर राबतो, आम्हांला सरावाची काय गरज?’ असे पुष्कळदा ऐकू येते. यात अर्धे खरे आहे. नांगरट, भांगलण, उसाच्या मोळ्या उचलणे यांनी कंबर आणि मांड्या घट्ट होतात, ऊन सोसण्याची सवय लागते. शहरातल्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला हे मिळत नाही. पण धावताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर पडतो, आणि एका किलोमीटरला अशी हजाराच्या आसपास पावले पडतात. मॅरेथॉनला चाळीस हजार धरा. शेतात असा ठोका बसत नाही. म्हणून छाती आणि मांड्या तयार असूनही शेतकऱ्याच्या नडग्या, टाचा आणि पावलांची बारीक हाडे तयार नसतात.

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. धावायला लागल्यावर श्वास आणि हृदय काही आठवड्यांतच सुधारतात. पहिल्या दिवशी धाप लागणारा माणूस दीड महिन्यात आरामात पाच किलोमीटर जातो. स्नायूंना थोडा अधिक वेळ लागतो. स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या शिरा आणि खुद्द हाडे यांना मात्र महिनेच्या महिने लागतात. ठोका बसला की हाड आधी थोडे झिजते, मग विश्रांतीत पहिल्यापेक्षा घट्ट भरून येते. भरून येण्याआधीच दुसरा, तिसरा, दहावा ठोका बसला तर हाडाला केसासारखी चीर पडते. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, ‘आता जमायला लागले’ असे वाटू लागते नेमक्या त्याच वेळी, मुले लंगडत घरी येतात ती यामुळे. छाती पुढे गेलेली असते आणि हाडे मागे राहिलेली असतात.

तेव्हा सराव असा ठरवावा. काहीच न पळणाऱ्याने मॅरेथॉनसाठी एक वर्ष द्यावे. जो काही महिने नियमाने पाच-सहा किलोमीटर पळत आहे, त्याला वीस ते चोवीस आठवडे पुरतात. मुंबईची मॅरेथॉन २००४ पासून सुरू झाली आणि ती जानेवारीत असते. म्हणजे ऑगस्टच्या अखेरीपर्यंत कामाला लागले पाहिजे. आठवड्यातून चार दिवस धावणे पुष्कळ झाले. सुरुवातीला आठवड्याचे मिळून वीस किलोमीटर असू द्यावेत आणि दर आठवड्याला साधारण एक दशांशच वाढवावेत. दर चौथ्या आठवड्याला अंतर मुद्दाम कमी करावे. या चौथ्या आठवड्याचा मुलांना फार कंटाळा येतो. पण हाड त्याच आठवड्यात भरते. अशा रीतीने डिसेंबरात आठवड्याला पन्नास किलोमीटरपर्यंत पोचता येते. रविवारी मिस्साच्या आधी किंवा नंतर, जसे सोयीचे असेल तसे, एक लांब धाव घ्यावी. ती आठ किलोमीटरपासून वाढवत तीसपर्यंत न्यावी. बेचाळीस किलोमीटर सरावात धावण्याची गरज नाही. शर्यतीच्या आधीचे तीन आठवडे अंतर उतरवत न्यावे.

वेग किती? बहुतेक दिवस इतका हळू, की शेजारी धावणाऱ्याशी पुरे वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर दम घ्यावा लागला तर वेग जास्त झाला असे समजावे. भरतीची १.६ किलोमीटरची धाव पाच-सहा मिनिटांत संपवायची असते, त्यामुळे आपल्या मुलांना रोज जीव तोडून पळण्याची सवय लागली आहे. लांब पल्ल्याला ही सवय घातक आहे. केनियातल्या ईटेन गावी सेंट पॅट्रिक्स शाळेत १९७६ साली ब्रदर कॉम ओकॉनेल हे आयर्लंडचे धर्मबंधू भूगोल शिकवायला गेले. धावण्याचे शास्त्र त्यांनी तेथेच मुलांकडे पाहून शिकून घेतले, आणि त्यांच्या हाताखालून डेव्हिड रुडिशासारखे ऑलिंपिक विजेते तयार झाले. त्या डोंगराळ प्रदेशातले जगज्जेते सरावाचे कित्येक दिवस इतके सावकाश धावतात, की आपली मुले त्यांना सहज मागे टाकतील. अर्थात शर्यतीच्या दिवशी नव्हे.

आपल्याकडची खरी अडचण निराळी आहे. सरावाचे हे पाच महिने आणि शेतीच्या निकडीचे महिने एकच असतात. ऑगस्ट-सप्टेंबरात तंबाखूची लावण, मग सोयाबीन-भुईमुगाची काढणी, पुढे ऊसतोड आणि जानेवारीच्या सुमारास तंबाखूची कापणी. छापील वेळापत्रके शहरी माणसांसाठी केलेली असतात. त्यांत ‘आज विश्रांती’ लिहिलेले असते त्या दिवशी आपला माणूस ट्रॉलीत ऊस भरत असतो. तेव्हा शेतकाम हेही सरावातच धरावे. मोळ्या उचलल्याच्या दुसऱ्या दिवशी लांब धाव ठेवू नये. रात्रपाळीची वीज म्हणून पाणी पाजायला जागलात, तर सकाळचे धावणे सोडून झोपावे. झोपेवाचून केलेला सराव हा वाळल्या रानात टाकलेल्या युरियासारखा असतो, लागू तर पडत नाहीच, नुकसान मात्र करतो.

आणि वेळापत्रकात नांगे धरावेत. रोपे लावताना काही मरणार हे आपण गृहीत धरतो आणि नांगे भरण्यासाठी तरव्यात जास्तीची रोपे राखतो. तसेच वीस आठवड्यांच्या सरावासाठी बावीस-तेवीस आठवडे हाताशी ठेवावेत. दोन-तीन आठवडे आजार, पाऊस, लग्नकार्य किंवा दुखापत यांत जाणारच. ते गेले म्हणजे सगळे बिघडले असे मग वाटत नाही. मात्र एक चूक सर्रास होते. गेल्या आठवड्यात बुडालेले पंधरा किलोमीटर या आठवड्याच्या अंतरात घालून भरून काढण्याचा प्रयत्न होतो. तसे कधीही करू नये. मेलेल्या रोपाच्या जागी एक रोप लावतात. तेथे चार लावत नाहीत.

आता दुखापतीविषयी. ज्याला शेतीतला वाफसा कळतो त्याला हे समजायला अडचण नाही. मोठा पाऊस झाला की काळ्या रानात आपण लगेच औत घालत नाही. वरची माती सुकलेली दिसते, पण पाऊल दाबून पाहिले तर खाली चिखल असतो. त्यात औत घातले तर ढेकळे होतात, जमीन घट्ट बसते आणि हंगामभर भोगावे लागते. थांबलेले चार दिवस परवडतात, घाईने घातलेले औत परवडत नाही. दुखावलेल्या पायाचेही असेच आहे. दुखणे कमी झाले म्हणजे वरची माती सुकली एवढेच. वाफसा आला की नाही हे तपासूनच धावायला लागावे.

तपासायचे कसे? आधी दुखण्याची जात ओळखावी. धावायला सुरुवात करताना थोडे दुखते, अंग तापल्यावर थांबते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काही नसते, अशा दुखण्याला भिण्याचे कारण नाही. अंतर थोडे कमी करावे म्हणजे झाले. धावता धावता दुखणे वाढत जाते, किंवा पाऊल वाकडे पडू लागते, लंगडावे लागते, तर जेथे असाल तेथेच थांबून चालत घरी यावे. तिसरी जात सर्वांत वाईट. नडगीवर किंवा पावलाच्या वरच्या बाजूला बोटाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखते, दाबले की कळ येते, एका पायावर उडी मारली की कळ येते आणि रात्री अंथरुणातही ठणकते. ही हाडाची चीर असू शकते. येथे तेल चोळून, शेकून, ओढून-ताणून घेऊन उपयोग नाही. डॉक्टरांकडे जावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये ही चीर पुष्कळदा दिसत नाही, हेही लक्षात ठेवावे. ‘फोटोत काही नाही’ म्हणून पळायला लागू नये. साधारणपणे सहा ते आठ आठवडे धावणे बंद ठेवावे लागते, जागेप्रमाणे अधिकही.

सकाळी उठून पहिली चार पावले टाकताना टाचेखाली कळ येते आणि मग कमी होते, हे दुखणे शेतकऱ्यांत आणि धावणाऱ्यांत दोघांतही आढळते. पोटऱ्या ताणाव्यात, पाण्याने भरलेली बाटली तळव्याखाली घेऊन फिरवावी, घरात कठीण फरशीवर अनवाणी फिरू नये. हे बरे होते, पण वेळ घेते. घोट्यामागची मोठी शीर दुखत असेल तर पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाचा सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम चांगला. रोज थोडा, काही आठवडे.

आणि गोळ्या-इंजेक्शने. येथे आम्हांला जरा कडक बोलावेसे वाटते. दुखते म्हणून डायक्लोफिनॅक घेऊन धावणे, किंवा शर्यतीच्या सकाळी ‘आधीच’ एक गोळी टाकणे ही सवय मुलांत पसरली आहे. दुखणे ही शरीराने दिलेली हाक असते. गोळीने ती ऐकू येईनाशी होते, चीर मात्र वाढत राहते. शिवाय तासन्‌तास घाम गाळून शरीर कोरडे पडलेले असताना अशा गोळ्या मूत्रपिंडांना अपाय करू शकतात. कोणीतरी टोचलेल्या ‘ताकदीच्या’ इंजेक्शनापासून तर दूरच राहावे.

थांबलेल्या दिवसांत हातपाय बांधून बसण्याची गरज नाही. दुखत नसेल तर सायकल चालवावी. विहिरीत पोहता येत असेल तर त्यासारखा व्यायाम नाही. छाती तयार राहते आणि पायावर ठोका बसत नाही. (पुराच्या दिवसांत वेदगंगेत किंवा दूधगंगेत नव्हे, हे सांगायला नकोच.) पुन्हा धावण्याआधी सलग काही दिवस अर्धा-पाऊण तास झपाझप चालून पाहावे. चालताना नाही आणि दुसऱ्या सकाळीही दुखले नाही, तर वाफसा आला. मग एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे वीस मिनिटे. एक दिवस आड. हळूहळू धावण्याची मिनिटे वाढवावीत.

किती मागे जावे, याचा आमचा ढोबळ हिशेब असा आहे. आठवडाभराचा खंड पडला असेल तर काही बिघडत नाही, जेथे सोडले तेथून पुढे चालू करावे. दोन आठवडे गेले असतील तर पहिल्या आठवड्यात आधीच्या निम्मे आणि दुसऱ्यात पाऊणपट. महिना किंवा अधिक गेला तर नव्याने सुरुवात केल्याप्रमाणे चालणे-धावणे करावे. तरीही पहिल्या वेळेपेक्षा लवकर जमते, कारण केलेले सगळेच वाया जात नाही. आणि शर्यतीला सहा आठवडे उरले असताना जर महिन्याचा खंड पडला असेल तर त्या वर्षी बेचाळीसचा नाद सोडून अर्धी मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर, धावावी. किंवा घरीच राहावे. भरलेली फी बुडते खरी, पण दोन महिने रोजगार बुडण्यापेक्षा ते स्वस्त.

तापात कधीही धावू नये. साध्या सर्दीत सावकाश फिरायला हरकत नाही. पण अंगात ताप, छातीत खोकला, अंग मोडून आलेले असे असताना धावल्यास हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. डेंगी, चिकुनगुन्या किंवा विषमज्वर होऊन गेल्यावर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. चिकुनगुन्यानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखू शकतात, तेथे धीरच हवा. ज्यांना धावताना छातीत दुखते किंवा चक्कर येऊन पडायला होते, ज्यांच्या घरात कोणी तरुणपणी अचानक गेले आहे, ज्यांना मधुमेह अथवा रक्तदाब आहे, आणि चाळिशीनंतर प्रथमच धावणाऱ्या सर्वांनी आधी तपासणी करून घ्यावी.

पुष्कळदा खंड पडण्याचे कारण पायात नसून रक्तात असते. सराव नीट चालू आहे, झोप आहे, तरी वेग कमी होतो, जिना चढताना धाप लागते, तोंड फिके दिसते. अशा वेळी हिमोग्लोबिन तपासावे. आपल्याकडे अनवाणी शेतात फिरणाऱ्यांच्या पावलांतून अंकुशकृमी शिरतात आणि आतड्यात राहून रक्त पितात. जंताचे औषध आणि लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. हरभऱ्याचा पाला, हुलगे, बाजरी, मटकी आहारात असावी, वर लिंबू पिळावे आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नये, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. मुलींच्या बाबतीत आयांनी आणखी एक लक्ष द्यावे. धावणाऱ्या मुलीची पाळी दोन-तीन महिने आली नाही, तर ‘व्यायामाने असे होतेच’ म्हणून सोडून देऊ नये. पोटाला पुरेसे अन्न मिळत नसल्याची ती खूण असते आणि त्यामुळे हाडे कच्ची राहतात. तिचे धावणे बंद करण्याआधी तिचे ताट भरावे. घरात मुलाच्या ताटात अंडे आणि मुलीच्या ताटात आमटी, हे अजून काही घरांत चालते. धावणाऱ्या मुलीच्या हाडाला त्याचा हिशेब द्यावा लागतो.

निपाणी भागातल्या वाचकांसाठी तंबाखूविषयी वेगळे सांगितले पाहिजे. शेंडे खुडताना, फुटवे काढताना हाताला जो चिकट थर बसतो त्यातून, विशेषतः पान दवाने किंवा पावसाने ओले असताना, निकोटीन कातडीतून अंगात जाते. मळमळ, डोके दुखणे, चक्कर, छातीत धडधड ही त्याची लक्षणे. अशा दिवशी धावू नये. हातमोजे घालावेत, दव उतरल्यावर काम करावे, काम झाल्याबरोबर साबणाने हात धुवावेत. तंबाखू मळून तोंडात धरणारे धावपटूही आम्ही पाहिले आहेत. त्याने भूक मरते, नाडी विनाकारण जलद होते, रक्तवाहिन्या आकसतात. पोट भरण्यासाठी तंबाखू पिकवावी लागते हे आम्हांला कळते. ती खाण्याची सक्ती कोणी केलेली नाही.

आहाराचे फार अवडंबर नको. जोंधळ्याची भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी, दूध, अंडी, मासळी, एवढ्यावर मॅरेथॉन धावता येते. शरीरात साठवलेली साखर साधारण तीस किलोमीटरपर्यंत पुरते आणि मग पायांत शिसे ओतल्यासारखे होते. म्हणून लांब धावेत तासाभरानंतर थोडे थोडे खात राहावे. बाजारातल्या महागड्या गोड पाकिटांऐवजी बेळगावची उकडलेली रताळी, केळे, गुळाचा खडा चालतो. मात्र जे शर्यतीत खायचे ते आधी सरावात खाऊन पाहावे. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. भीतीपोटी घोट घोट करत चार-पाच लिटर नुसते पाणी पोटात घातले तर रक्तातले मीठ उतरते आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे जुलाबावरचे घरगुती पाणी येथेही उपयोगी पडते. सरावासाठी महामार्ग आणि तवंदीचा घाट टाळावा. चढ हवाच असेल तर ट्रक नसलेला शोधावा.

मनाचे काय? दोन महिने घरी बसलेल्या मुलाला वाटते, सगळे पुढे गेले, मी संपलो. त्याला समजुतीच्या गोष्टी सांगण्यापेक्षा खऱ्या हकिगती सांगाव्यात. चौगुले ज्या शर्यतीत एकोणिसावे आले ती जिंकली फिनलंडच्या हानेस कोलेहमाइनेन यांनी. त्यांनी १९१२ साली तीन सुवर्णपदके मिळवली होती. पुढचे ऑलिंपिक १९१६ चे, ते महायुद्धामुळे झालेच नाही. ऐन उमेदीची वर्षे अशी गेल्यावर ते आठ वर्षांनी परत आले आणि मॅरेथॉन जिंकले. इथिओपियाचे अबेबे बिकिला १९६० साली रोमला अनवाणी धावून जिंकले. १९६४ च्या टोकियो शर्यतीच्या सुमारे पाच आठवडे आधी त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली होती, तरी ते पुन्हा जिंकले. पण गोष्ट सांगणारे येथेच थांबतात. १९६८ साली मेक्सिकोत त्याच बिकिलांना पायाच्या दुखण्यामुळे शर्यत अर्ध्यावरही न पोचता सोडावी लागली. मनोबल तेच होते, पाय साथ देत नव्हता.

केनियाचे एलियुड किपचोगे २०१२ च्या ऑलिंपिकसाठी निवडले गेले नाहीत. ट्रॅकवरची कारकीर्द संपली असे झाले, तेव्हा ते २०१३ पासून मॅरेथॉनकडे वळले आणि २०१६ व २०२१ साली ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली. पॅरिसला २०२४ साली तेही तीस किलोमीटरनंतर थांबले. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी उलटी वाट धरली. दुष्काळी भागातली ही मुलगी २०१२ ते २०१४ अशी तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. मग तिने अडथळ्यांच्या तीन हजार मीटरकडे लक्ष दिले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळवला. कोणता पल्ला आपला, हे पहिल्याच वर्षी कळते असे नाही.

भरतीत न निवडल्या गेलेल्या मुलांच्या आई-वडिलांना आमची विनंती आहे. वयाची मर्यादा संपली, मुलगा घरी आला, की ‘चार वर्षे नुसता पळाला’ असे त्याला ऐकवू नये. तो सुदृढ आहे, पहाटे उठणारा आहे, व्यसनापासून दूर राहिलेला आहे. त्याला हवे असेल तर पुढेही धावू द्यावे, शेतकामातून आठवड्याचे चार तास मोकळे करून द्यावेत. आणि जो दुखावून पडला आहे त्याला विचारपूस करताना ‘कधी पळणार?’ असे विचारू नये. ‘आज चालताना दुखले का?’ असे विचारावे. त्याला उत्तर देता येते.

शर्यतीच्या दिवशी पहिले दहा किलोमीटर मुद्दाम सावकाश जावे. गर्दीबरोबर वाहवत जाणारे तिशीनंतर रस्त्याकडेला बसलेले दिसतात. चक्कर, थंडी वाजणे, घाम अचानक थांबणे, छातीत दुखणे यांपैकी काही झाल्यास मदतकेंद्रावर थांबावे. रिओच्या त्याच ऑलिंपिकमध्ये ओ. पी. जैशा मॅरेथॉन पुरी करताच कोसळल्या होत्या, त्या तर देशातल्या नामवंत धावपटू. शर्यत संपल्यावर लगेच आडवे न होता दहा-पंधरा मिनिटे चालत राहावे, ओले कपडे बदलावेत, काही खारट आणि काही गोड पोटात घालावे.

पुढचे दोन आठवडे धावू नये. नखे काळी पडली असतील तर ती उपटू नयेत, आपोआप गळतात. जिना उतरताना तीन-चार दिवस उलटे उतरावे लागेल, त्याची घरच्यांनी थट्टा केली तरी चालेल. त्या आठवड्यात मात्र पोती उचलायला आणि ट्रॉली भरायला दुसरा माणूस पाहावा, म्हणून शर्यतीची तारीख ठरवतानाच तोडीची तारीख मुकादमाला विचारून ठेवावी.